करारनाम्याचं चौदावं पान

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. बिजागऱ्या जागच्या जागी होत्या. आणि मधल्या खणात, जिथे करारनाम्याचं बाड असायचं, तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता.

"काल अकरा वाजता मी स्वतः बघितलंय, दादा," माझी धाकटी बहीण म्हणाली. "इथंच होतं."

ती त्या पाणथळ प्रकल्पाच्या कार्यालयाची प्रमुख. सगळे तिला मॅडम म्हणतात. मी बुकबाइंडर. वाचनालयातल्या पुस्तकांतली चित्रं कोण कापून नेतं, ते मी एकदा शोधून दिलं होतं. शोधकामातली माझी पुंजी एवढीच. पण पोलिसांत गेलं की बातमी निधीवाल्यांच्या कानावर जाणार, म्हणून तिने मला बोलावलं.

"बाड तू बांधलंयस. नुसती कड दिसली तरी ओळखशील."

ते खरं होतं. एकशे वीस पानं, शिवण माझी, पाठीला निळं कापड. आमच्या भागातली पाणथळ जमीन दरवर्षी आटत चालली होती. ती वाचवायची, तिच्यात येणारे नाले साफ करायचे, अशी योजना बहिणीने आखली होती आणि तिच्यासाठी सहा वर्षं जिवाचं रान केलं होतं. एका मोठ्या निधीसंस्थेने मदतीचं आश्वासन दिलं, पण एका अटीवर: भोवतालच्या चार नगरपालिका, वीटभट्टीवाल्यांची संघटना आणि चटई विणणाऱ्या बायकांचा संघ, या सहाही भागीदारांच्या मूळ सह्या एकाच करारनाम्यावर हव्यात. त्या मिळाल्या होत्या. संस्थेच्या अधिकारी बाई शुक्रवारी ते बाड बघायला येणार होत्या. आज गुरुवार होता.

"मजकूर कॉम्प्युटरवर असेलच," मी म्हटलं. "पुन्हा छाप, मी बसून बांधून देतो. फिरून सह्या घे."

"नाही," ती म्हणाली. "सह्या पुन्हा नाही घेता येणार."

इतक्या घाईने तिला नाही म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

२

कपाटाच्या दोन किल्ल्या. एक तिच्या पर्समध्ये, दुसरी काकूंच्या टेबलाच्या खणात. काकू म्हणजे ऑफिसच्या कारकून, तीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांच्या खणाला कुलूप नसतं हे सगळ्यांना माहीत होतं. बुधवारी दुपारी बहीण नगरपालिकेत गेली होती. त्या वेळात ऑफिसात काकू होत्या, आतल्या खोलीत नकाशे काढणारा होता, आणि वीटभट्टीवाल्यांचे अध्यक्ष हातात मोठी पिशवी घेऊन येऊन गेले होते.

"तोच," बहीण म्हणाली. "काठावरची माती उचलायला बंदी आली म्हणून चडफडतोय कधीचा."

तेवढ्यात फोन वाजला. निधीसंस्थेचा होता. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. मलाही ऐकू यावं म्हणून तिने स्पीकर लावला.

"तुमची विनंती मान्य आहे," पलीकडून अधिकारी बाई म्हणाल्या. "मी शुक्रवारऐवजी बुधवारी येते."

"विनंती?"

"काल दुपारी तुमच्या ऑफिसची मेल आली ना. चार-पाच दिवस मिळाले तर सगळे भागीदार स्वतः हजर राहू शकतील, असं लिहिलंय. चांगली कल्पना आहे."

फोन ठेवल्यावर बहीण खुर्चीत टेकली. "देव पावला," ती म्हणाली. "पण ही मेल पाठवली कुणी?"

ऑफिसचा एकच पत्ता होता, सगळे तोच वापरायचे. मेलची वेळ बघितली: काल दुपारी सव्वाबारा. म्हणजे चोरी उघडकीला येण्याच्या कितीतरी आधी, आपलं बाड हरवणार आहे हे ऑफिसातल्या कुणालातरी ठाऊक होतं. आणि त्याने बहिणीसाठी वेळ मागून घेतला होता.

हा कसला चोर, मला कळेना.

३

भट्टीवाले त्यांच्या आवारात खाटेवर बसून हिशेब तपासत होते. मी कशासाठी आलोय हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मला हा करार मोडायचाच असता तर मी सही कशाला केली असती? सही करून मग चोरी करायची, एवढी दगदग माझ्याच्याने होत नाही."

"पिशवीत काय होतं?"

ते उठले आणि कोपऱ्यातली पिशवी उघडून दाखवली. वाळलेल्या गाळाची ढेकळं होती. नाल्यातला उपसलेला गाळ विटांना चालतो का, ते तपासायला त्यांनी काढून आणला होता. "तुझ्या बहिणीला दाखवायला नेला होता. काठाची माती नको म्हणते, तर म्हटलं गाळ तरी देते का बघू. ती नव्हती. परत आलो."

माझं तोंड उतरलेलं पाहून ते जरा नरमले.

"एक सांगतो. मी निघालो तेव्हा तुमच्या त्या काकू जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा बांधत होत्या. सुतळीची गाठ बसत नव्हती, ती मी मारून दिली. बाई रडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, रजिस्टरांची धूळ डोळ्यांत गेली."

तो गठ्ठा मला माहीत होता. बुधवारी चारच्या सुमाराला हातगाडीवरून तो माझ्याच दुकानात आला होता. जुन्या आवकजावक रजिस्टरांना नवीन पुठ्ठे घालायचे होते. प्रत्येकाला तपकिरी कागदाचं कव्हर, वर काकूंची चिठ्ठी: नऊ रजिस्टरं. मी कडा मोजल्या तर दहा निघाली. काकूंचंही वय झालं, असं मनाशी म्हणून मी गठ्ठा न सोडता कोपऱ्यात ढकलला होता.

त्या वेळी माझ्या डोक्यात त्याहून पुढे काही आलं नाही. मी नकाशेवाल्याकडे गेलो.

४

नकाशेवाला पन्नाशीचा, बारीक आवाजाचा माणूस. आतल्या खोलीत तिरक्या टेबलाशी तो उभाच होता. मी दार लोटून घेतलं तशी त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"मी नेलं नाही," तो म्हणाला. "पण गेलं ते बरं झालं."

मी गप्प राहिलो. गप्प राहिलं की अशी माणसं बोलतात.

त्याने खणातून दोन नकाशे काढून टेबलावर पसरले. दोन्ही त्याच पाणथळीचे. पहिल्यात पूर्वेचा काठ पिवळा होता, दुसऱ्यात सगळी पाणथळ हिरवीगार.

"पिवळा म्हणजे लव्हाळं कापायला मोकळा. चटईवाल्या बायका तिथेच कापतात, पिढ्यान्‌पिढ्या. हिरवा म्हणजे बंद. बाडाच्या शेवटी खिसा आहे ना, त्यात नकाशा असतो. सह्या झाल्या तेव्हा पिवळा होता. नंतर मॅडमनी हा दुसरा करायला सांगितला आणि खिशातला बदलला."

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणाल्या, रंग भरायचं काम तुमचं, ते करा." त्याने नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख होती, एकोणीस. "सह्या अकरा तारखेच्या. मी एवढंच केलं, खरी तारीख घातली. कुणीतरी कधीतरी बघेल म्हणून. तोंडाने बोलायची हिंमत नव्हती माझ्यात."

तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही बघत नव्हतो. कारण एकोणीसच्या दुसऱ्याच दिवशी, वीस तारखेला, बहीण ते बाड घेऊन माझ्या दुकानात आली होती. चौदाव्या पानावर चहा सांडलाय, म्हणाली. तेवढं बदलून दे. नवं पान ती सोबत घेऊनच आली होती.

आणि मी बदलून दिलं होतं.

५

दुकानात रद्दी कागदांचं एक खोकं आहे. वाया गेलेली पानं मी त्यात टाकतो, पुस्तकांच्या पाठीला अस्तर म्हणून लावायला उपयोगी पडतात. मी ते खोकं फरशीवर पालथं केलं आणि एकेक कागद बाजूला ठेवत गेलो.

तुम्ही म्हणाल, पान उसवताना डाग आहे की नाही ते दिसलं नसेल का? मी बघितलंच नव्हतं. चौदा आकडा बघितला, दोरा कापला, पान खोक्यात टाकलं, नवं शिवलं. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत आलो: निर्धास्त राहा, मी बांधतो, वाचत नाही. लोकांची मृत्युपत्रं, भांडणांचे कागद, सगळं माझ्या हातून गेलं, पण एक ओळ मी वाचली नाही. याला मी सचोटी समजत होतो.

पान सापडलं. त्यावर चहाचा टिपूसही नव्हता. दुधासारखं स्वच्छ. त्यावर लिहिलं होतं: "पूर्वेकडच्या काठावरचं लव्हाळं कापण्याचा चटई विणणाऱ्यांच्या संघाचा हक्क पूर्वीप्रमाणे चालू राहील."

नव्या पानावर काय होतं? ते बाडाशिवाय कळणार नव्हतं. पण आता चोर कसा विचार करत होता ते मला उमगलं. बाड नाहीसं झालं की सह्या पुन्हा घ्याव्या लागणार. पुन्हा सही करायची म्हणजे सहाही जण पुन्हा वाचणार. म्हणून तर त्याने चार-पाच दिवस मागून घेतले होते, आणि म्हणूनच सगळ्या भागीदारांनी हजर राहायला हवं होतं. निधी बुडावा असं त्याला वाटत नव्हतं. चौदावं पान सगळ्यांसमोर उघडलं जावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि बदललेलं पान ज्याच्या हातून टाइप होऊन गेलं असेल असं त्या ऑफिसात एकच माणूस होतं. तेच गठ्ठा बांधताना रडत होतं. माझी नजर कोपऱ्याकडे गेली. चिठ्ठीवर नऊ. गठ्ठ्यात दहा.

सुतळी कापायला मी सुरी उचलली, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मोजलीत का एकदाची?"

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या.

६

त्या आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"वरून सातवं," त्या म्हणाल्या.

तपकिरी कागदाखाली निळं कापड होतं. मी चौदावं पान उघडलं. शिवण माझीच, सुबक. "प्रकल्पाच्या पहिल्या पाच वर्षांत कोणत्याही काठावरचं लव्हाळं कापता येणार नाही."

"दोन्ही पानं मीच टाइप केली," काकू म्हणाल्या. "पहिलं सह्यांच्या आधी, दुसरं नंतर. मॅडम म्हणाल्या, निधीवाल्यांना पूर्ण बंदी हवी आहे. मी म्हटलं, मग मावशींना विचारा. म्हणाल्या, आधी निधी येऊ दे. मी टाइप केलं. नोकरी आहे, करावं लागतं, असं म्हटलं आणि केलं."

मावशी म्हणजे चटईवाल्यांच्या संघाच्या प्रमुख.

"मग मावशी करारनाम्याची प्रत मागायला आल्या. मॅडमनी मला सांगितलं, झेरॉक्स मशीन बिघडलंय म्हणून सांगा. मी सांगितलं. आठवड्याने पुन्हा आल्या, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी बोलत होते आणि मागे मशीन चालू होतं, नकाशेवाला काहीतरी काढत होता. त्यांनी मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बरं म्हणून गेल्या." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "चौथ्यांदा आल्या असत्या तर माझ्या तोंडातून ते निघालं नसतं."

"पण बाड माझ्याकडे का पाठवलंत? लपवायला दुसरी जागा नव्हती?"

त्यांनी चौदाव्या पानाच्या शिवणीवर बोट ठेवलं.

"पान तुम्ही बदललंत ना. मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. भाऊ-बहीण मिळून करताय. म्हटलं, यांच्याच दारात टाकावं. सापडल्यावर गुपचूप बहिणीच्या हातात देतात की काय करतात, ते तरी कळेल."

"मला ठाऊक नव्हतं, काकू. मी वाचलंच नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांच्या मनातून माझ्याबद्दलची अढी जाईल. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ठाऊक असणं आणि न वाचणं यांत त्यांना फारसा फरक दिसला नसावा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उठताना म्हणाल्या, "माझं नाव लपवू नका."

७

शुक्रवारी सकाळी बहिणीच्या टेबलावर मी बाड ठेवलं. ती हरखून उठली. मग मी त्यावर खोक्यातलं पान ठेवलं आणि ती तशीच उभी राहिली.

"कुणी चोरलं?" तिने विचारलं.

"काकूंनी. स्वतःच सांगितलं मला. पण कुणी नेलं त्याआधी, काय नेलं ते बोल. सह्या पुन्हा घेता येणार नाहीत, असं तू का म्हणालीस? कारण मावशींनी सही केली ती या पानावर. त्यांची सही तू दुसऱ्या पानाला जोडलीस. जोडून मी दिली."

ती खिडकीकडे गेली. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"तुला काय माहीत, दादा. सहा वर्षं मी दारोदार फिरले. शेवटी एक संस्था हो म्हणाली. आणि अगदी शेवटी त्यांनी कळवलं, काठ पूर्ण बंद हवा, नाहीतर यादीतला पुढचा प्रकल्प घेऊ. चार दिवस दिले. मावशी हो म्हणाल्या असत्या का? आणि पाणथळच उरली नाही, तर त्या बायका कापणार काय?"

"हे मावशींना विचारायचं होतंस."

"नंतर समजावणार होते."

"केव्हा?"

बाहेरच्या खोलीत काकूंच्या कीबोर्डचा आवाज थांबला होता. त्या ऐकत होत्या.

"मला पण फसवलंस," मी म्हटलं. "चहा म्हणालीस."

"तू वाचणार नाहीस हे मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडे आले. दुसऱ्या बाइंडरने दोन पानं ताडून बघितली असती."

लहानपणी तिची चोरी पकडली की ती आधी चिडायची आणि मग रडायची. आता तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"तू जाऊन सांगशील का मावशींना?"

"दोघं जाऊ."

८

चटईवाल्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या लव्हाळ्याचा वास भरून होता. दहा-बारा बायका खाली बसून विणत होत्या. मावशींनी आम्हाला बसायला नवी चटई अंथरली. आम्ही त्यावर बसलो आणि मला वाटलं, फरशी असती तर बरं झालं असतं.

बहिणीने दोन्ही पानं त्यांच्यासमोर ठेवली. काय केलं ते सांगितलं. काही गाळलं नाही. मी माझा भाग सांगितला. मावशींनी चष्मा पुसला, दोन्ही पानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"म्हणजे मशीन बिघडलं नव्हतंच," त्या म्हणाल्या.

"नाही," बहीण म्हणाली.

"मला वाटलं, आम्हाला प्रत देणं त्यांना महाग पडत असेल." विणणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. मावशी रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर आम्हाला कुठेतरी टेकायला जागा मिळाली असती. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बुधवारी मी येते. त्या बाईंसमोर बोल."

बुधवारी सगळे भागीदार आले. भट्टीवाले पिशवी घेऊन आले. बहिणीने उभं राहून अधिकारी बाईंना सांगितलं की एका भागीदाराच्या संमतीचं पान तिने परस्पर बदललं. काकूंचं किंवा माझं नाव तिने घेतलं नाही, पण काकू आपणहून उठून उभ्या राहिल्या, मग नकाशेवाला, मग मी. चौघं जण शाळेतल्या शिक्षेसारखे उभे.

अधिकारी बाईंनी फाइल मिटली. हा निधी आता देता येणार नाही, त्या म्हणाल्या. मग मावशींनी त्यांना विचारलं, "पूर्ण बंदीची कल्पना कुणाची?"

"आमच्या नियमांत तसं आहे."

"लव्हाळं कापलं नाही तर ते पाण्यात कुजतं. काठ भरत येतो. तुमचे नियम लिहिणाऱ्याने काठ बघितलाय का?"

बाईंनी खरं ते सांगितलं. नव्हता बघितला. मावशी त्यांना तिथून थेट काठावर घेऊन गेल्या. आम्हाला कुणी सोबत बोलावलं नाही.

वर्ष गेलं. बहिणीने प्रमुखपद सोडलं. नाले तसेच राहिले, पाणी आणखी एक हात खाली गेलं, आणि त्याचं खापर कुणी तिच्यावर फोडलं तर ते खोटं नव्हतं. मग संस्थेने नियमांत फेरफार करून नव्याने अर्ज मागवला. काठ पाळीपाळीने कापायचा, गाळ भट्ट्यांना द्यायचा, असं त्यात होतं. या वेळी मुख्य अर्जदार चटई विणणाऱ्यांचा संघ होता. पण असले अर्ज लिहिता येणारं माणूस भागात एकच. मावशींनी बहिणीला निरोप धाडला.

तिने महिनाभर खपून अर्ज लिहिला. तो घेऊन आम्ही दोघं शेडवर गेलो. मावशींनी तो मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. आम्हाला बसा म्हणाल्या होत्या, पण बहीण खांबाला टेकून उभीच राहिली. एकेक पान सावकाश उलटलं जात होतं. दुपार उतरली. बायका आपापल्या चटया गुंडाळून घरी गेल्या. मावशींनी शेवटचं पान वाचलं, चष्मा काढला, आणि पुन्हा मधलं एक पान शोधून काढलं.

"बावीसवर पाण्याची पातळी चुकलीय," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात एवढं पाणी नसतं."

"हो," बहीण म्हणाली. "दुरुस्त करते."

तिचा आवाज इतका लहान झाला होता की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.